शिडी जागच्या जागी

"एक दिवस, फक्त एक दिवस हा माणूस पहिल्या हाकेला जेवायला आला ना, तर मीच दचकेन."

ही कुरकुर लिफ्टवाल्यांच्या कानावर आली ती पोटाखालून. ते स्वतःच्याच घराच्या छपरावर पालथे पडले होते, दोन कौलं काढल्यावर झालेल्या फटीला कान लावून. खाली स्वयंपाकघरात त्यांची बायको भाताच्या पातेल्याजवळ उभी राहून नवऱ्याची गाऱ्हाणी सांगत होती आणि पातेलं झाकण हलवून तिला दुजोरा देत होतं.

लिफ्टवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांची सगळी नोकरी एका सरकारी इमारतीत लोकांना वर नेण्यात आणि खाली आणण्यात गेली, म्हणून गल्लीने ते नाव ठेवलं. निवृत्तीबरोबर लिफ्ट सुटली, नाव मात्र चिकटून राहिलं. आज ते स्वतःच्या पायांनी वर आले होते. प्रश्न होता तो खाली जायचा, कारण शिडी नव्हती.

सकाळी होती. गेल्या आठवड्यातल्या वाऱ्याने कौलं सरकली होती, काही तडकली होती. चहा झाल्याझाल्या त्यांनी मागच्या भिंतीला शिडी लावली. बायकोने ती दोन्ही हातांनी धरली आणि "गुडघ्यांना विचारलंय ना?" हे नेहमीचं विचारूनही घेतलं. ते वर पोचले, तशी ती काठी घेऊन आत गेली.

या घरात छपराचं काम कायम दोघांचं असे. तडकलेलं कौल वरून सहसा दिसत नाही. चीर केसाएवढी असते आणि तिच्यावर शेवाळाचा थर. ते कळतं खालून, अंधाऱ्या खोलीत जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथे. तो ठिपका बायकोने शोधायचा, लांब काठीने ते कौल आतून ढोसायचं, आणि कुठलं हललं ते नवऱ्याने वरून पाहायचं. सोबतीला ठोक्यांची भाषा. काठीचा एक ठोका म्हणजे 'हेच'. दोन म्हणजे 'ते नव्हे, शेजारचं, डोळे उघडा'. तीन म्हणजे चहा झालाय. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ही भाषा ठरली आणि नंतर घरात काय काय झालं तरी ती बिघडली नाही. एकदोन अबोले तर त्यांनी छपरावरच मिटवले होते. तीन ठोके ऐकल्यावर माणूस किती वेळ रुसून बसणार?

आजही सुरुवात झकास झाली. एक ठोका आला, त्यांनी कौल उचललं, नवं सरकवलं, त्याचं नाक खालच्या लाकडी पट्टीत अडकलं की कट्‌ असा आवाज येतो तो आला. दुसरा ठोका आला. तेही झालं. मग ठोके थांबले. त्यांना वाटलं, चहा ठेवायला गेली असेल. म्हणून ते आढ्याला टेकून बसले, आणि तिथूनच त्यांना ती मागच्या दाराने बाहेर येताना दिसली.

तिने भिंतीला टेकलेली शिडी पाहिली आणि ती चुकचुकली.

ती पूर्वी इस्पितळाच्या कपड्यांच्या कोठारात कामाला होती. चादरी, अभ्रे, पडदे, टॉवेल, सगळं घडी घालून ज्याच्या त्याच्या फळीवर. वस्तू जागेवर नसली की तिला चैन पडत नसे. त्यात मागे कधीतरी गल्लीत चोरी झाली तेव्हा चोर घरमालकाच्याच शिडीने चढला होता. त्या दिवसापासून तिने नियम केला की काम झालं की शिडी शेडमध्ये. हा नियम नवऱ्याने मोडला म्हणून तिने त्याला उभ्या आयुष्यात इतक्या वेळा झापलं होतं, की तिच्या हातापायांनाच तो पाठ झाला असावा. तिने शिडी आडवी केली, खांद्याला लावून शेडमध्ये नेली, कडी घातली, हात झटकले आणि गुणगुणत आत गेली.

लिफ्टवाले हातात कौल धरून हे सगळं पाहत होते. हाक मारायला त्यांचं तोंड उघडलंही होतं, पण ते त्यांनी मिटून घेतलं. हाक मारली असती तर ती चूक ठरली असती. न मारल्यामुळे आणखी थोडा वेळ तरी ती गंमत राहणार होती.

थोड्या वेळाने त्यांनी फटीतून खाली तोंड घालून शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, "अगं, ती शिडी लाव बरं जरा."

"लावते हं," ती म्हणाली. वर बघून हसलीसुद्धा. त्या क्षणी तिला नवरा छपरावर आहे हे पक्कं माहीत होतं. ती लगबगीने मागच्या दारी गेली. तिथे दोरीवर चादरी वाळत होत्या. वाळलेली चादर पाहून ती कशी पुढे जाईल? तिने त्या काढल्या, कवेत घेऊन आत आणल्या आणि टेबलावर घड्या घालायला लागली. टोकाला टोक, मग हाताने सपाट, मग पुन्हा टोकाला टोक. लिफ्टवाले वरून बघत राहिले. तिच्या घड्या अजूनही इतक्या नेमक्या होत्या की बघणाऱ्याला वाटावं, काहीच बिघडलेलं नाही.

बिघडायला सुरुवात कधी झाली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एकदा सकाळी ती कामावरचा निळा कोट चढवून बसने इस्पितळात गेली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर. परत आली ती कसनुसं हसत, "आज सुट्टी होती वाटतं," म्हणून. लिफ्टवाले म्हणाले, "अरे हो, तुला सांगायचं मीच विसरलो." त्या वाक्याने त्यांना वाट सापडली. तेव्हापासून घरात जे काही विसरलं जाई ते लिफ्टवालेच विसरत. शेगडी चालू राहिली, ते विसरले. शेजारणीला दिलेलं आमंत्रण हुकलं, ते विसरले. लेकीचा वाढदिवस गेला, तोही त्यांच्याच नावावर. गल्लीत बोभाटा झाला की लिफ्टवाल्यांचं आता वय झालं, डोकं ठिकाणावर नसतं. दुकानदार सुटे पैसे त्यांच्या तळहातावर एकेक करून मोजून ठेवायला लागला. त्यांनी तेही गोड मानून घेतलं. नाटकात काम करायची हौस त्यांना लहानपणी होती. ती अशी फिटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

लेक दूरच्या शहरात होती. दर रविवारी तिचा फोन येई आणि ती आधी बापाला झापे, मग आईची चौकशी करी. "आई मजेत," ते सांगत. मग लेक म्हणे, आईला काही दिवस इकडे पाठवा ना, आमच्याकडे एक खोली रिकामी आहे, लहान आहे, पण एका माणसाला पुरेल. ती 'एका' हा शब्द अगदी सहज म्हणे. बाप तो शब्द आठवडाभर चघळत बसे. लेकीचं चुकत नव्हतं, तिची खोली खरोखरच एकाच माणसापुरती होती. पण लेकीला खरं कळलं की दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसणार, आईची पिशवी भरणार, आणि मग या घरात ठोके द्यायला कोण उरणार, याचा विचार त्यांच्याच्याने पुरा होत नसे.

आणि लेकीला कळायला एकच माणूस पुरे होतं. शेजारची शिंपीण. तिच्या मशीनची खिडकी बरोब्बर यांच्या छपरासमोर. तिच्याकडे शिवण आणि बातम्या, दोन्ही दिलेल्या वेळेला तयार असत. लेकीची ती लहानपणापासूनची लाडकी मावशी. तेव्हा "जरा शेडमधून शिडी काढून लाव गं" एवढं तिला सांगितलं असतं तर लिफ्टवाले कधीच खाली उतरले असते. पण शिडी शेडमध्ये गेली कशी, हा तिचा दुसरा प्रश्न असता.

तो प्रश्न टाळायला ते काम करत राहिले.

उरलेली तडकलेली कौलं त्यांनी बदलली. नवी कौलं जुन्यांपेक्षा लाल दिसत होती, भाजून निघालेल्या गालांसारखी. मग सरकलेली सारखी केली. मग आढ्यावरची गोल कौलं बोटांनी ठोकून पाहिली. ती ठणठणीत होती. मग करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी एक धडधाकट कौल काढलं, पुसलं, उन्हात फिरवून पाहिलं आणि होतं तिथेच बसवलं. न फुटलेलं कौल इतक्या निगुतीने जगात कुणी दुरुस्त केलं नसेल.

"भाऊजी," शिंपिणीने खिडकीतून हटकलं, "आज वरच मुक्काम दिसतोय. लिफ्ट बंद पडली का?"

"हवा छान आहे," लिफ्टवाले म्हणाले. त्यांच्या टाळूवर त्या वेळी पापड भाजता आला असता. "आलोच आहे तर सगळंच बघून घेतो."

ती हसली आणि मशीन पुन्हा चालू झालं. पण मशीनच्या आवाजात मधूनमधून खंड पडत होता, आणि दर खंडाला ती वर बघते हे त्यांना न बघताही कळत होतं.

ती दोन कौलं मात्र त्यांनी बसवली नव्हती. फट उघडी होती. ती बुजवली असती तर काम संपलं असतं, हे एक. दुसरं असं की बायको काय करते ते ऐकायला तेवढीच एक जागा होती. तहान लागली तेव्हा त्यांनी तिथूनच पाणी मागितलं. तिने ताबडतोब माठातून ग्लास भरला, टेबलावर ठेवला, वर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "ठेवलंय हो, घ्या." मग ती खुर्चीवर बसून वाट बघत राहिली. वरून त्यांना ते झाकण दिसत होतं, तिचा भांग दिसत होता, आणि टेबलावर पसरलेले तिचे रिकामे हात. ती दाराकडे बघत होती. नवरा दारातूनच येणार, दुसरीकडून कुठून येणार?

गल्ली खालून जाऊन येऊन होती. सायकली गेल्या, एक भंगारवाला गेला, शाळा सुटली तशी पोरं दप्तरं आपटत गेली. वर कुणी पाहिलं नाही. लिफ्टवाल्यांना याची सवय होती. लिफ्टमध्ये माणसं आकड्यांकडे बघतात, बटण दाबणाऱ्याकडे नाही. पण तिथे निदान दार उघडलं की कुणीतरी आत यायचं. इथे उन्हाची तिरीप एका कौलावरून दुसऱ्या कौलावर सरकत होती आणि त्यांना एकदम जाणवलं की हे काही आजचं नाही. वर्षभर आपण असेच बसलोय. ती आत, आपण वर, मध्ये एवढीशी फट. शेजारी बसून जेवताना, एका पलंगावर झोपतानाही. जे झालंय ते तिला सांगता येत नाही, कारण तिलाच ते झालंय. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, कारण मग तीच राहणार नाही. माणसाने बोलायचं तरी कुणाशी? कौलांशी?

त्यांनी हातोडीचा दांडा उलटा धरला आणि खालच्या पट्टीवर हळूच एक ठोका दिला. ठरवून असं नाही, असाच.

खाली खुर्ची सरकली. काठी उचलल्याचा आवाज आला. आणि मग आतून उत्तर आलं, टक्‌, टक्‌, टक्‌. अगदी स्वच्छ, पहिल्या वर्षी देत असे तसे. चहा झालाय.

लिफ्टवाल्यांनी कौलावर कपाळ टेकलं. कौल तापलेलं होतं, तरी टेकलं.

खाली चहा खरोखरच झाला होता. तिने दोन कपांत ओतला आणि एक त्यांच्या जागेसमोर ठेवला. मग तिने त्यांना हाक मारली. "अहो." मग पुढच्या खोलीत जाऊन, "अहो." मग न्हाणीच्या दारावर टकटक. तिच्या हाकेतली कुरकुर हळूहळू निघून गेली होती. उरला होता तो आवाज त्यांनी पूर्वी एकदाच ऐकला होता, लेक लहान असताना बाजारात हरवली होती तेव्हाचा.

"अगं, इथे," ते फटीत तोंड घालून म्हणाले. "मी इथेच आहे. वर."

ती स्वयंपाकघरात परत आली. मान वर करून तिने फटीकडे पाहिलं. तिथे नवऱ्याचं तोंड होतं, उन्हाने लालबुंद, ओठ सुकलेले. ती बघत राहिली. मग तिची नजर टेबलावर गेली. झाकण घातलेला ग्लास. घड्या घातलेल्या चादरी. निवत चाललेला चहा. दुपारचं न वाढलेलं ताट. ती एकेका वस्तूकडे बघत गेली, कोठारात माल मोजून घेताना बघत असे तशी. लिफ्टवाल्यांनी पटकन विषय बदलावा तसं म्हटलं, "चहा झाकून ठेव. आलोच."

तिने त्यांच्या कपावर बशी ठेवली.

आभाळ तेवढ्यात भरून आलं होतं. वाऱ्याचा झोत आला आणि शेजारच्या खिडकीतलं मशीन थांबलं ते थांबलंच. थोड्या वेळात मागच्या आवारातलं फाटक वाजलं. शिंपीण आली होती. हातात या घरचे दुरुस्त केलेले पडदे होते, पण पडदे द्यायला माणूस पुढच्या दाराने येतो.

"भाऊजी, उतरा आता. पाऊस धरलाय. पुढचं उद्या करा."

"हो, हो. उतरतोच."

ती भिंतीपाशी आली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. भिंतीवर जिथे शिडी टेकते तिथे दोन घासल्याच्या खुणा होत्या, शिडी नव्हती. तिने कडी घातलेल्या शेडकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

"सकाळपासून तुम्ही..." तिने वाक्य अर्धंच सोडलं. मागचं दार उघडून बायको बाहेर येऊन उभी राहिली होती.

लिफ्टवाले कडेपर्यंत सरकले आणि तोंडभर हसले. "अगं, मीच सांगितलं हिला, शिडी आत ठेव म्हणून. म्हटलं, वेळ लागेल, उगाच उभी कशाला. आणि मग सांगितलेलं साफ विसरून गेलो. बसलोय आपला."

शिंपिणीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता. पण तिने तो बसवून घेतला, जसा ती गेलं वर्षभर बसवून घेत होती, हे लिफ्टवाल्यांना पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिलाही माहीत होतं. कदाचित लेकीलाही. सगळे मिळून एकमेकांची अब्रू सांभाळत होते.

"तुमचं हल्ली फारच वाढलंय हो भाऊजी," ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मोकळा होता. "रविवारी सांगतेच तुमच्या लेकीला. म्हणावं, बापाला डॉक्टरकडे ने." आणि ती पडदे काखेत मारून शेडकडे वळली.

"थांब," बायको म्हणाली.

शिंपीण थांबली. पावसाचे चार थेंब कौलांवर पडले आणि तापलेल्या कौलांनी ते लगेच पिऊन टाकले. बायको अंगणात पुढे आली, तिथून नवरा नीट दिसेल इतकी. पदराने तिने हात पुसले. हात कोरडेच होते.

"ते काही विसरत नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी काही सांगितलं नव्हतं. शिडी मी नेली."

"अगं, तू आत जा," लिफ्टवाले वरून म्हणाले. "भिजशील."

"बोलू द्या हो. आत्ता आहे डोक्यात तोवर बोलू द्या." ती शिंपिणीकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेच बघत होती. "तुम्ही वर आहात हे मी विसरले. दिवसभर विसरले. शेगडी मीच चालू ठेवली होती. तो कोट घालून कामावर मीच गेले होते. तुम्ही सगळं अंगावर घेता आणि मी घेऊ देते. तुम्हाला वाटतं, हिला कळत नाही. मला कळतं, अहो. कळतं, आणि मग ते कळलेलंही निघून जातं."

ती शेडकडे गेली, कडी काढली, शिडी आणून भिंतीवरच्या त्या दोन खुणांना टेकवली आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.